जुन्या जेट-स्कीचं फ्युएल गेज बिघडलंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठल्या मशिनबद्दल बोलतोय आपण?

मुख्यतः १९९० च्या दशकातल्या आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या मशिनी, म्हणजे कार्बोरेटरवाल्या टू-स्ट्रोक सी-डू, यामाहा वेव्हरनर, कावासाकी जेट-स्की आणि पोलारिस (पोलारिसने २००४ नंतर या बनवणं बंदच केलं). बोलताना सगळ्यांना जेट-स्कीच म्हणतो. कावासाकीच्या १९७३ पासूनच्या उभ्याने चालवायच्या सुरुवातीच्या मॉडेलना गेज नव्हतंच, नुसता रिझर्व्हचा कॉक (ऑन, रिझर्व्ह असा फिरवायचा पेट्रोलचा नळ). बसून चालवायच्या मोठ्या मशिनी आल्या, मागे माणसं बसायला लागली, लोक लांब जायला लागले आणि मग गेजची खरी गरज पडली. फ्युएल इंजेक्शनच्या नव्या फोर-स्ट्रोकमध्ये पंप आणि सेंडर (पेट्रोलची पातळी गेजला कळवणारा टाकीतला भाग) एकत्र असतो, त्यांचं प्रकरण वेगळं आहे, इथलं सगळं त्यांना लावू नका.

रिझर्व्ह आहे की, मग गेज नसलं तर काय बिघडलं?

बिघडतं, आणि हे जरा नीट वाचा. रिझर्व्ह म्हणजे काही वेगळी टाकी नसते, त्याच टाकीत दोन नळ्या असतात, ऑनची नळी थोडी वर संपते आणि रिझर्व्हची तळाजवळ. आता जुन्या मशिनमध्ये ऑनच्या नळीची जाळी चोक झाली की कोणीतरी कॉक रिझर्व्हवर फिरवतो, मशीन चालायला लागतं, आणि तो कॉक महिनोन्महिने तिथेच राहतो, म्हणजे रिझर्व्ह आहे असं वाटतं पण प्रत्यक्षात नाहीच. त्यात मोठी टू-स्ट्रोक मशीन फुल थ्रॉटलला तासाला ३५-४० लिटर सहज पिते आणि टाकी साधारण ३० ते ६० लिटरची, म्हणजे सगळा खेळ पाऊण ते दीड तासाचा. पेट्रोल संपत आलं की इंजिन हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, आणि ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून टाकत असाल तर पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पडतं, अशा वेळी फुल थ्रॉटलवर असाल तर पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही.

आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो हे विसरू नका. बंद पडलेली मशीन त्या वाऱ्यावर आत नाही, बाहेर जाते. मागे बसलेला पर्यटक, त्यातून एखादं लहान पोर, त्यांना यातलं काही माहीत नसतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच की भाड्याने चालणाऱ्या मशिनला चालू गेज पाहिजेच, आणि दुरुस्ती होईपर्यंत तिप्पट हिशोब ठेवा: एक भाग जायला, एक भाग यायला, एक भाग हात न लावता शिल्लक.

टाकीच्या आत नेमकं असतं काय?

बहुतेक मॉडेलमध्ये एक उभी प्लास्टिकची दांडी असते आणि त्या दांडीवर वर-खाली सरकणारा फ्लोट. फ्लोटमध्ये लोहचुंबक. दांडीच्या पोटात एक बारीक लांब सर्किट बोर्ड, त्यावर ठरावीक अंतराने काचेचे छोटे रीड स्विच आणि त्यांच्यामध्ये रेझिस्टर. चुंबक ज्या स्विचसमोर येतो तो स्विच मिटतो आणि त्या जागेपर्यंतचा रेझिस्टन्स गेजला दिसतो. म्हणूनच या मशिनींचा काटा सलग न सरकता टप्प्याटप्प्याने उतरतो, तो दोष नाहीये, रचनाच तशी आहे. जुन्या सी-डूमध्ये ही दांडी पेट्रोलच्या नळ्यांसकट एकाच असेंब्लीत असते, तिला बॅफल म्हणतात. काही दुसऱ्या मशिनींमध्ये सेंडर वेगळा, रबरी बूच आणि क्लॅम्पने बसवलेला.

टाकी उघडण्याआधी काय बघू?

सगळ्यात आधी कनेक्टर. खरंच सांगतो, खाऱ्या पाण्यात चालणाऱ्या मशिनमध्ये टाकी न उघडताच काम होण्याची शक्यता चांगली असते. बॅटरीची मायनस वायर काढा, सीट आणि पुढचं झाकण उघडून आतला वास पूर्ण जाऊ द्या, मग सेंडरपासून येणारी वायर शोधा. कनेक्टर सोडवला की आत हिरवट-पांढरा थर दिसेल, तो कॉन्टॅक्ट क्लीनर आणि बारीक ब्रशने साफ करा, पिना सैल झाल्या असतील तर हलकेच दाबून घट्ट करा, शेवटी डायइलेक्ट्रिक ग्रीस. मग वायरकडे बघा. वरून इन्सुलेशन नवं दिसतं आणि आत तांबं काळं पडलेलं असतं, खारं पाणी केशाकर्षणाने इन्सुलेशनच्या आतून लांबपर्यंत चढतं. थोडं सोलून बघा, काळं असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा आणि पुढचा तुकडा कथील चढवलेल्या मरीन वायरचा जोडा. जोडावर आतून गोंद असलेलं हीट श्रिंक घाला, नुसती काळी टेप गुंडाळली तर एका सीझनमध्ये परत तेच.

बाकीची मीटरंसुद्धा बंद असतील तर सेंडरला हात लावायची गरजच नाही. फ्यूज, अर्थिंग आणि इलेक्ट्रिकल बॉक्स बघा.

मल्टीमीटरवर किती यायला पाहिजे?

कंपनी आणि मॉडेलप्रमाणे वेगळं, त्यामुळे तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल हाच शेवटचा शब्द. जुन्या सी-डूचं साधारण गणित असं की टाकी भरलेली असेल तर जवळपास ० ओहम आणि रिकामी असेल तर ९० च्या आसपास. म्हणजे पेट्रोल कमी तसा रेझिस्टन्स जास्त. कनेक्टर सोडवून सेंडरच्या बाजूच्या दोन पिनांवर मोजायचं, वायरिंगच्या बाजूला नाही. मीटरने काहीच दाखवलं नाही, म्हणजे सर्किट आत कुठेतरी तुटलंय. आकडा येतोय पण टाकीत जेवढं पेट्रोल आहे त्याच्याशी जुळत नाही, तर फ्लोट किंवा स्विच. मशीन ट्रेलरवर असेल तर आधी समतल करा, नाक वर असताना घेतलेलं माप कामाचं नाही.

एक गोष्ट अजिबात करू नका, सेंडरला थेट १२ व्होल्ट देऊन "चेक" करणं. ते आतलं सर्किट नाजूक असतं आणि ते पेट्रोलच्या वाफेत बसलेलं असतं.

गेज गेलंय की सेंडर, हे कसं ओळखायचं?

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून २२, ४७, ६८ आणि १०० ओहमचे अर्धा वॉटवाले रेझिस्टर आणा, काही रुपयांचं काम आहे. सेंडरचा कनेक्टर सोडवा, वायरिंगच्या बाजूला सेंडरऐवजी एक रेझिस्टर लावा, हुलमध्ये (मशिनच्या खालच्या कवचात) पेट्रोलचा वास नाही याची खात्री करून बॅटरी जोडा आणि गेज चालू करा. सी-डूसारख्या ०-९० च्या सिस्टिममध्ये ४७ ला काटा अर्ध्याच्या आसपास यावा, २२ ला बराच वर, ६८ ला खाली, १०० ला रिकामं. असं दिसलं तर गेज आणि वायरिंग दोन्ही ठणठणीत, दोष टाकीतला. काटा हललाच नाही तर गेजच्या मागच्या कनेक्टरवर जाऊन तीच टेस्ट परत करा, तिथे हलला तर मधली वायर तुटलीये. या एका टेस्टने लोकांचे नवीन गेजचे पैसे वाचतात, पण कोणी करत नाही, सगळे आधी पार्ट मागवतात.

काटा कायम रिकाम्यावर असतो / कायम फुलवर असतो, याचा काही अर्थ काढता येतो का?

येतो. ज्या सिस्टिममध्ये रिकाम्याचा रेझिस्टन्स जास्त असतो तिथे वायर तुटली, पिन गंजली किंवा सेंडरमधला फ्यूज उडाला की गेजला वाटतं टाकी रिकामी, कमी पेट्रोलचा लाईटसुद्धा लागतो. याउलट कायम फुल म्हणजे कुठेतरी दोन वायरी एकमेकींना टेकल्यात नाहीतर फ्लोट वर अडकलाय. फुलवर अडकलेलं गेज जास्त घातक, कारण रिकामं दाखवणाऱ्या गेजवर माणूस निदान संशय घेतो, फुल दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवून निघून जातो. मध्येच अडकत असेल तर बहुतेक वेळा फ्लोटच.

सेंडर बाहेर काढताना काय काळजी घ्यायची?

इथे घाई करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती हुलच्या तळाशी जाऊन बसते आणि वरून वास आला नाही तरी खाली असू शकते. त्यामुळे काम उघड्यावर करा, बंद शेडमध्ये नाही. बॅटरी काढून बाजूला ठेवा, जवळ पिवळा बल्ब, ग्राइंडर, बिडी-सिगारेट काही नको, पावडरचा अग्निशामक हाताशी हवा.

आधी टाकीचं मुख्य झाकण उघडा कारण आत प्रेशर असतं, उन्हात उभ्या मशिनमध्ये तर चांगलंच असतं, झाकण न उघडता बॅफलचा नट सोडला तर पेट्रोल अंगावर येतं. टाकी पाऊण भरलेली असेल तर हातपंपाने पेट्रोल काढून घ्या, तोंडाने नळी ओढू नका, पेट्रोल फुफ्फुसात गेलं तर जिवाशी खेळ. नळ्या काढण्याआधी प्रत्येकीवर टेप लावून नाव लिहा, ऑन, रिझर्व्ह, रिटर्न, हवेची. मोबाईलवर आधीच फोटो काढून ठेवा, नंतर मोबाईल लांब. बॅफलवरचे प्लास्टिकचे निपल इतक्या वर्षांत ठिसूळ झालेले असतात, नळी खेचून काढायला गेलात तर निपलच तुटून हातात येईल आणि मग संपूर्ण असेंब्ली शोधत फिरावं लागेल. नळी उभी चिरा आणि सोलून काढा, नळी स्वस्त असते. मोठा नट हातोडी-छिन्नीने ठोकू नका, पट्ट्याचा पाना वापरा. असेंब्ली वर काढताना तिरकी करत करत काढावी लागते, फ्लोट टाकीच्या तोंडाला अडकतो, तिथे जोर लावायचा नाही. काढल्यावर टाकीचं तोंड लगेच स्वच्छ फडक्याने बंद करा.

आणि सी-डू असेल आणि त्यात अजून कंपनीच्या करड्या रंगाच्या पेट्रोलच्या नळ्या असतील तर त्या याच वेळी सगळ्या बदलून टाका. त्या काळातल्या त्या नळ्या आतून हिरवट चिकट होतात आणि तो चिकटा कार्बोरेटरच्या बारीक जाळीत जाऊन बसतो. गेजसाठी उघडलंच आहे तर हे काम सोडू नका.

सी-डूच्या सेंडरमध्ये फ्यूज असतो म्हणे, तो डायरेक्ट केला तर चालेल का?

असतो, आणि तो उडणं हे या सेंडरचं सगळ्यात ओळखीचं दुखणं आहे. बोर्डवर रेझिस्टरसारखाच दिसणारा छोटा फ्यूज, मीटर लावला की कळतं, कन्टिन्युइटी (आरपार जोड) नाही म्हणजे तो गेला. जगभर लोक त्याच्या दोन टोकांना वायर सोल्डर करून मोकळे होतात आणि गेज चालूही होतं. पण तो फ्यूज तिथे कशासाठी ठेवलाय याचा विचार करा, वायरिंगमध्ये शॉर्ट होऊन जास्त करंट आला तर तो पेट्रोलच्या टाकीत पोचू नये म्हणून. त्यामुळे माझं स्पष्ट मत, त्याच रेटिंगचा, तारेचे पाय असलेला छोटा फ्यूज मिळतो, तोच लावा. थोडं शोधावं लागेल, पण मिळतो. टाकीतलं संरक्षण काढून टाकून मशीन भाड्याने देणं मला पटत नाही.

सोल्डरिंगचं काम जेट-स्कीपासून लांब, दुसऱ्या जागी करायचं, सेंडर आधी पूर्ण वाळू द्यायचा, त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर सोल्डरिंग आयर्न गरमच करू नका.

रीड स्विच गेलाय हे कसं कळतं आणि बदलता येतो का?

दांडी टेबलावर ठेवा, मीटर लावा आणि फ्लोट खालपासून वर हळूहळू सरकवा. आकडा पायरी पायरीने बदलला पाहिजे. एखाद्या जागी एकदम तुटतो आणि पुढे परत येतो, तर त्या जागेचा स्विच मेला. फ्लोट कुठेही नेला तरी आकडा बदलतच नाही तर एखादा स्विच चिकटून कायमचा मिटलाय.

बदलता येतो. दांडीचं टोक काळजीपूर्वक उघडा, बोर्ड सरकवून बाहेर घ्या. स्विचचं शरीर काचेचं असतं, त्याचा तारेचा पाय काचेजवळ पक्कडीने धरूनच वाकवा नाहीतर काचेला तडा जातो आणि तो तडा डोळ्याला दिसतही नाही. त्याच लांबीचा नवा स्विच घ्या आणि बसवल्यावर बंद करण्याआधी फ्लोट घालून परत पायऱ्या मोजा. बंद करताना पेट्रोलला टिकणारं इपॉक्सी वापरा. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं आणि सुटतं, ते इथे चालत नाही.

फ्लोट अडकतो त्याला काय करायचं?

प्रीमिक्सवर (ऑइल मिसळलेल्या पेट्रोलवर) चाललेल्या किंवा वर्षभर पेट्रोल भरून नुसत्या उभ्या राहिलेल्या मशिनमध्ये दांडीवर लाखेसारखा तपकिरी थर बसतो. कार्बोरेटर क्लीनर कापडावर घेऊन पुसा, प्लास्टिकवर थेट फवारत बसू नका. सँडपेपर तर नकोच, चरे पडले की फ्लोट जास्तच अडकेल. फ्लोट काढण्याआधी त्याची वरची बाजू मार्करने खूण करून ठेवा, उलटा बसला तर चुंबकाची जागा बदलते आणि गेज चुकीचं दाखवतं. मग फ्लोट एका बरणीत पेट्रोलमध्ये सोडून बघा, बुडत असेल किंवा अर्धवट तरंगत असेल तर त्याने पेट्रोल प्यायलंय, तो वाळवून उपयोग नाही, बदला.

लाटांवर काटा नाचतो, आणि कधी बराच वेळ फुल राहून एकदम खाली येतो

थोडं नाचणं साहजिक आहे, पेट्रोल टाकीत हिंदकळतंच. आणि टाकी काही चौकोनी डबा नसते, हुलच्या आकाराप्रमाणे वर रुंद खाली निमुळती, त्यामुळे वरचा अर्धा हळू उतरतो आणि खालचा अर्धा झपाट्याने. शांत पाण्यातसुद्धा काटा उडत असेल तर मात्र अर्थिंग किंवा सैल पिन बघा.

डिजिटल डिस्प्लेच्या पट्ट्याच दिसत नाहीत

गेजच्या मागे केलेल्या रेझिस्टर टेस्टमध्येही पट्ट्या आल्या नाहीत आणि डिस्प्लेचे बाकीचे आकडेही पुसट असतील तर डिस्प्लेच गेलाय. आत पाणी शिरलेलं किंवा उन्हाने वरची फिल्म जळलेली. बरेचसे सीलबंद असतात, उघडून परत पाणी जाणार नाही असे बंद करणं अवघड. चांगला जुना शोधा आणि पुढे मशीन उभी असताना डिस्प्लेवर कव्हर टाकत जा.

बोटीचं किंवा गाडीचं कुठलंही गेज बसवलं तर?

रेंज जुळली पाहिजे. अमेरिकन पद्धतीच्या बोटींच्या गेजना रिकाम्याला २४० आणि भरलेल्याला ३३ ओहम लागतात, युरोपियन पद्धतीत रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांचं ०-९० असतं, आकडा बघून वाटेल सी-डूला चालेल, पण ते उलटं, तिथे ० म्हणजे रिकामं. बसवलंत तर भरलेली टाकी रिकामी दिसेल आणि रिकामी टाकी भरलेली. गेज आणि सेंडर दोन्ही एकाच रेंजचे आणि टाकीच्या उंचीप्रमाणे मिळत असतील तर जोडी बदलायला हरकत नाही.

ई-२० पेट्रोलमुळे सेंडर खराब होतो का?

आता आपल्याकडच्या पंपांवर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोलच सर्रास मिळतं आणि या मशिनी बनवताना एवढं इथेनॉल कोणी धरलेलं नव्हतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, किनाऱ्यावर दमट हवा, पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. तिथे उघडं तांबं आणि सोल्डरचे जोड गंजतात, जुनं रबर फुगतं. वॉटर स्पोर्ट्स पावसाळ्यात बंद असतात तेव्हा टाकी तशीच अर्धी ठेवून देऊ नका, पेट्रोल काढून घ्या, पुसा, कोरडी करा. सील आणि ओ-रिंग बदलताना इथेनॉलला चालणाऱ्या मागा.

नवीन सेंडर घेऊ की भंगारातला?

कंपनीचा नवीन मिळाला आणि परवडला तर नवीनच. या वयाच्या मॉडेलना तो मिळेलच असं नाही, मग भंगार मशिनमधला घ्यावा लागतो. घेताना मल्टीमीटर बरोबर न्या आणि तिथेच उभं राहून फ्लोट वर-खाली करून आकडे बघा, पार्ट नंबर जुळवा, निपलला चिरा आहेत का बघा. ऑनलाईन घेत असाल तर विकणाऱ्याकडून फ्लोट खाली-मध्ये-वर अशा तीन जागांचे मीटरचे फोटो मागवा.

दुरुस्ती झाली, आता खात्री कशी करायची?

सगळं बसवून झालं की आधी गळती बघा, झाकण बंद करून थोडा वेळ थांबा, नटाभोवती आणि प्रत्येक नळीला कोरडा कागद फिरवा, ओला झाला तर परत सोडा. सीट उघडी ठेवून वास येतोय का बघा. मग मशीन समतल ठेवून रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटरच्या मापाने पेट्रोल टाका, प्रत्येक वेळी ते स्थिर होऊ द्या आणि गेज कुठे आहे ते लिहून घ्या. कमी पेट्रोलचा लाईट किती लिटरला विझला तो आकडा ठळक लिहा. हा तक्ता वॉटरप्रूफ मार्करने स्टोरेजच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, कारण मशीन रोज वेगळा पोरगा चालवतो आणि त्याला मालकाला विचारायला वेळ नसतो. पहिले काही दिवस किनाऱ्याजवळच चालवा आणि परत आल्यावर टाकीत खरंच किती उरलंय ते तक्त्याशी ताडून बघा.